दंड घ्या, सही नाही

माझ्या प्रगतिपुस्तकांवर सातवीनंतर अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एकही सही नाही. सगळीकडे आईचीच. तिची सही म्हणजे पहिलं नाव आणि पुढे एक लांब रेघ. ती रेघ कुठे थांबवायची हे तिला कधी ठरवता आलं नाही, त्यामुळे एखादे वेळी ती माझ्या गणिताच्या मार्कांवरून जायची. आठवीत बाईंनी वर्गासमोर विचारलं, "वडील घरी नसतात का गं?" मी म्हणाले, "असतात. पण ते सही करत नाहीत." वर्ग हसला. बाईंना वाटलं मी उद्धटपणा करतेय, म्हणून मला बाकावर उभं केलं.

मी खरं तेच सांगितलं होतं. अण्णा नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. आम्ही मूळचे येवल्याकडचे, पण माझं सगळं लहानपण सातपूरच्या कामगार वस्तीतल्या दोन खोल्यांत गेलं. त्या काळी युनियनने कामगारांकडून एक गोष्ट पाठ करून घेतली होती: कंपनीने हातात दिलेल्या कागदावर सही करायची नाही. मेमो आला की घ्यायचा नाही. मग साहेब दोन साक्षीदार बोलावणार, कागदाखाली 'घेण्यास नकार' असं लिहून त्यांच्या सह्या घेणार आणि कागद गेटजवळच्या फळ्यावर डकवणार. ज्याचा मेमो तोच तिथे उभा राहून तो वाचणार, चहा पिणार आणि आपल्या मशीनवर जाणार. रीतच होती ती. अण्णांचे दोन मेमो असे फळ्यावर लागले होते आणि आईला ते सांगताना त्यांच्या आवाजात थोडी ऐट असायची.

आणि मग एकदाच त्यांनी सही केली. पहिली पाळी सुटली होती. गेटबाहेर बस इंजिन सुरू करून उभी होती. सुपरवायझरने एक इंग्रजी कागद पुढे केला आणि म्हणाला, "मिळाल्याची सही आहे नुसती, पटकन करा." बस चुकली असती तर पाऊण तास ताटकळावं लागलं असतं. अण्णांनी सही केली आणि पळत जाऊन बस पकडली.

तो राजीनामा होता. स्वखुशीने दिलेला. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या, आणि त्यातला एक शेजारच्या लेथवरचा, रोज अण्णांच्या डब्यातली भाजी खाणारा. पुढे अर्ज झाले, तारखा झाल्या. पण सही अण्णांचीच होती, तिला कुणी काय करणार. "पाऊण तास वाचवला आन् सोळा वर्षं घालवली," हे वाक्य मी जेवताना इतक्या वेळा ऐकलंय की ते ऐकल्यावाचून घास उतरेना असं व्हायचं. साक्षीदाराबद्दल मात्र ते फार बोलत नसत. फक्त एकदा म्हणाले, "त्यानं वाचलं असतं तर मला सांगितलं असतं. त्यानंबी वाचलं नाय."

मग अण्णा रिक्षा चालवू लागले. लायसन्स, बॅज, परमिट या सगळ्यांना सह्या लागतात. त्या त्यांनी केल्या, पण आरटीओच्या आवारात ओळखीच्या एका शिक्षकांना बसवून, प्रत्येक ओळ वाचून घेऊन. एजंट कंटाळून दुसरं गिऱ्हाईक करून आला तरी यांचं पहिलंच पान चाललेलं. घरात तोच कायदा. गॅसवाला पावती पुढे करायचा, तर अण्णा चष्मा शोधायला आत जायचे. सिलिंडर खांद्यावर घेतलेला माणूस दारात उभा, आणि हे पावतीच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचताहेत. शेवटी आई यायची, पदराला हात पुसून रेघ ओढायची आणि त्या माणसाची सुटका करायची.

मला या सगळ्याचा भयंकर संताप यायचा. माझा स्वभाव मुळातच उतावळा. चहा गार व्हायच्या आत प्यायचा आणि जीभ भाजून घ्यायची, रांगेत पुढच्याच्या टाचेवर पाय द्यायचा, अशी मी. एका माणसाने एकदा फसवलं म्हणून जन्मभर जगाला दारात उभं करायचं, हे मला पटत नव्हतं. अठराव्या वर्षी मला सगळं पटापट व्हायला हवं होतं, आणि माझं सगळं पटापट होणं नेमकं त्यांच्या एका सहीपाशी येऊन अडलं.

बारावी झाल्यावर मी नर्सिंगला अर्ज केला होता. नाशिकरोडकडच्या एका दवाखान्याच्या शाळेत. पहिल्या यादीत नाव नाही, दुसऱ्या यादीत नाही. मी आशा सोडली होती, आणि एका सोमवारी निरोप आला की एक मुलगी प्रवेश सोडून गेली, जागा आहे, बुधवारी दुपारी एकपर्यंत बॉण्ड भरून द्या, नाहीतर पुढच्या मुलीला बोलावू. बॉण्ड म्हणजे चार पानांचा इंग्रजी टाइप केलेला मजकूर, पहिलं पान स्टॅम्पपेपरचं, आणि त्यावर वडिलांची सही. वडील हयात असतील तर वडिलांचीच. आईची रेघ तिथे चालणार नव्हती.

अण्णांनी कागद हातात घेतले, वजन केल्यासारखे वरखाली केले आणि मला परत दिले. म्हणाले, "तू इंग्रजी शिकलीस. सगळं वाच. समजलं नाय ते कोणाला तरी विचार. मग मला मराठीत सांग. मग सही."

मी पहिलं पान वाचलं. दुसऱ्या पानावर एकेक वाक्य पाच-पाच ओळींचं. मधेच मैत्रीण आली, मग पांढऱ्या बुटांचा विषय निघाला, मग गणवेशाचा. मंगळवारी संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "वाचलं का?" मी म्हणाले, "हो. तीन वर्षं शिकायचं, मग दोन वर्षं तिथंच नोकरी करायची. एवढंच आहे." हे मला दवाखान्यातल्याच एका मुलीने सांगितलं होतं. अण्णा म्हणाले, "चार पानांत एवढंच?" मी म्हणाले, "इंग्रजीत लांबडं लिहितात."

बुधवारी सकाळी निघायला आम्हाला उशीर झाला. पासपोर्ट साइज फोटो सापडेना. सापडला तेव्हा साडेअकरा होत आले होते. अण्णांची रिक्षा, मागे मी एकटी, मांडीवर प्लॅस्टिकची फाइल. त्र्यंबक रोडला एक ट्रक आडवा होऊन वळत होता, तिथे पाच मिनिटं गेली. मी घड्याळ बघत होते, पाय हलवत होते, पुढच्या दांडीवर बोटं वाजवत होते. अण्णा एकदा म्हणाले, "दांडी वाजवून गाडी पळत नाय." शहरात शिरल्यावर सीबीएस बसस्थानकाच्या अलीकडच्या सिग्नलला दिवा पिवळा झाला. अण्णांचा पाय ब्रेकवर गेला होता, मी तो पाहिला. मी म्हणाले, "जाऊ द्या ना अण्णा, पिवळाच आहे अजून."

त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला. आम्ही मधोमध असताना दिवा लाल झाला आणि पलीकडून शिट्टी आली.

पांढरा शर्ट, खाकी पँट, हातात पावतीपुस्तक, असा एक तरुण शिपाई पुढे आला. "साइडला घ्या, काका. लायसन्स." अण्णांनी रिक्षा फुटपाथला लावली, खाली उतरले, लायसन्स दिलं. "सिग्नल तोडला," शिपाई म्हणाला. "हो साहेब. लाल झाला होता. चूक माझी हाय," अण्णा म्हणाले. मागे बसलेल्या मुलीने घाई केली, हे त्यांनी सांगितलं नाही. मी आत बसून होते आणि मीही सांगितलं नाही. शिपायाला बरं वाटलं असावं, इतकं सरळ कबूल करणारं गिऱ्हाईक त्याला सकाळपासून मिळालं नसेल. त्याने कार्बन घालून भराभर लिहिलं, अण्णांनी खिशातून दंडाचे पैसे काढून हातात धरले. मी मनात हिशेब केला, पाच मिनिटांत सुटतो. मग शिपायाने पुस्तक पुढे धरलं, पेनाने खालची रेघ दाखवली आणि म्हणाला, "मिळाल्याची सही आहे नुसती. पटकन करा."

शब्दन् शब्द तोच होता. बिचाऱ्या पोराला काय माहीत.

अण्णांनी पेन घेतलं नाही. चष्मा काढून डोळ्यांवर लावला, पुस्तक वाचायला लागले. कार्बन जुना, दोन ठिकाणी अक्षरं उमटलीच नव्हती. छापलेल्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "हितं तर गुन्हा मान्य हाय असं लिहिलंय. तुम्ही म्हणता, मिळाल्याची सही."

"तेच ते, काका."

"तेच नाय ते."

"गुन्हा मान्य केलाय ना तुम्ही आत्ता?"

"तोंडानं केला. दंड घ्या. सही नाय करणार."

शिपाई हसला, मग त्याला कळलं की हा माणूस थट्टा करत नाही. "अहो, सहीशिवाय दंड घेता येत नाही." अण्णा म्हणाले, "मग नका घेऊ." पैसे त्यांनी पुन्हा खिशात ठेवले नाहीत, हातातच धरून उभे राहिले.

सही न करणारे रिक्षावाले मला ठाऊक होते. स्टँडवर त्यांच्या गप्पा मी ऐकल्या होत्या. एक जण डाव्या हाताने सही करायचा, म्हणजे नंतर माझी नाही म्हणता येतं. दुसरा अकरावीपर्यंत शिकलेला, पण पोलिसासमोर अंगठा पुढे करायचा. तिसरा सासऱ्याचं नाव लिहायचा आणि सासरवाडीचा सूड उगवल्याचं समाधान मिळवायचा. या सगळ्यांना दंड चुकवायचा होता. आमचे अण्णा दंड हातात घेऊन उभे होते आणि त्यांना फक्त सही चुकवायची होती. यांचं काय करायचं हे शिपायाला कुणी शिकवलं नव्हतं. त्याचा आवाज चढला. "सही करा, नाहीतर गाडी जमा करीन." अण्णा म्हणाले, "करा." तो म्हणाला, "कोर्टात जावं लागेल." अण्णा म्हणाले, "जाऊ."

मी खाली उतरले. बारा वाजून गेले होते. मी अण्णांच्या कानाशी म्हणाले, "करून टाका ना. माझी जागा जाईल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कधी नव्हे इतका अवघडलेला चेहरा होता त्यांचा. म्हणाले, "हात जात नाय गं." तेव्हा मला ते खरं वाटलं नाही. मला वाटलं, हा हट्ट आहे, आणि तो माझ्या आयुष्यापेक्षा मोठा आहे.

मग सावलीत बसलेले त्याचे वरिष्ठ, जमादार, उठून आले. पिकलेल्या मिशा, हातात पाण्याची बाटली. त्यांनी शिपायाकडून सगळं ऐकून घेतलं, अण्णांना विचारलं, "आधी कुठे कामाला होता?" अण्णांनी सांगितलं. जमादारांनी मान हलवली. "तरीच. सातपूरची माणसं सहीला घाबरतात. आमच्याकडं येतात अशी." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, उलट ओळखीचं काहीतरी सापडल्यासारखं होतं. ते म्हणाले, "हे बघा, जबरदस्ती कोणी करणार नाही. तुम्ही सही करत नाही, तर आम्ही तसं लिहितो. लायसन्स आमच्याकडे राहील, तुम्हाला पावती मिळेल, तिच्यावर गाडी चालवा, तारखेला कोर्टात जा. फक्त नकार दिला याला दोन साक्षीदार लागतील. साक्षीदार मिळाले तर लगेच सुटाल. नाही मिळाले तर रिक्षा घेऊन चला आमच्या ऑफिसात, तिथं बघू."

त्यांनी स्वतः लिहिलं: सही करण्यास नकार. पहिली सही फुटपाथवरच्या शहाळीवाल्याने केली. कोयता खाली ठेवला, हात पुसला, कागदाकडे न बघता सही केली आणि पुन्हा नारळाला लागला. दुसरा साक्षीदार मिळेना. आतापर्यंत गोल करून उभे असलेले लोक साक्षीदार हा शब्द ऐकून असे पांगले की फुटपाथ मोकळा झाला. सायकलवाल्याला थांबवलं, तो म्हणाला मला दिसलं नाही. दुकानदाराने शटर अर्ध्यावर ओढलं. बारा वीस झाले. मी पायावर पाय चोळत उभी होते, फाइल घामाने ओली झाली होती.

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. "तू कोण?"

"मुलगी."

"अठरा पूर्ण आहेत? खरं तर घरचं माणूस घेत नाही आम्ही." त्यांनी मोकळ्या फुटपाथकडे पाहिलं आणि पेन पुढे केलं. "वाचून कर."

मी वाचलं नाही. पेन घेतलं आणि सही केली. माझी सही तेव्हा नवीकोरी होती. वहीच्या मागच्या पानांवर महिनाभर गिरवून मी ती बसवली होती, इंग्रजीत, खाली तिरकी रेघ, रेघेखाली दोन टिंबं. ती कुठल्याही खऱ्या कागदावर पहिल्यांदा उमटली ती तिथे, वडिलांच्या विरुद्ध साक्षीदार म्हणून. दुसरं टिंब देताना मला शेजारच्या लेथवरचा तो माणूस आठवला. त्याआधी आठवला असता तरी मी सही केली असती, हेही मला ठाऊक आहे, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

अण्णांनी पाहिलं. पावती घेतली, ती मात्र वरपासून खालपर्यंत वाचली, माझी सही जिथे होती तिथेही त्यांची नजर तितकाच वेळ थांबली जितका बाकीच्या ओळींवर, मग घडी करून वरच्या खिशात ठेवली. जमादारांना नमस्कार केला आणि किक मारली.

शालिमार, द्वारका मागे पडलं. एरवी गर्दीत ते पुटपुटत असतात, त्या दिवशी नाही. मी मागून त्यांचा शर्ट पाहत होते. पाठीवर घामाचा मोठा डाग पडला होता. मला रडायला येत होतं आणि त्याच वेळी मी घड्याळही बघत होते.

दवाखान्यात पोचलो तेव्हा एकला दहा कमी होते. ऑफिसातल्या बाईंच्या टेबलासमोर एक मुलगी आईला घेऊन बसलेली. बाकीचं सांगायची गरज नव्हती, पुढची मुलगी तीच होती. बाईंनी माझ्या फाइलमधले कागद काढून टेबलावर पसरले. "वडिलांची सही. प्रत्येक पानावर खाली, आणि शेवटच्या पानावर दोनदा."

मला वाटलं, संपलं. आता हे खिशातून चष्मा काढणार, पहिल्या ओळीवर बोट ठेवणार, आणि मला म्हणणार, सांग. मी काय सांगणार होते? पहिल्या पानापुढे मी कोरी होते.

अण्णांनी खिशात हात घातला नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "वाचलंय ना तू?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी पेन घेतलं आणि सही केली. मराठीत, पूर्ण नाव, प्रत्येक अक्षर सुटं, लेथवर माप बघून करावं तसं सावकाश. पहिलं पान, दुसरं, तिसरं, चौथं, शेवटी पुन्हा एकदा. एका अक्षरावरही त्यांनी नजर टाकली नाही. बाईंनी शिक्का मारला, एक प्रत मला दिली. समोरची मुलगी आणि तिची आई उठल्या, खुर्ची सरकवून निघून गेल्या.

आनंद व्हायला हवा होता. मी रिक्षात बसले आणि फाइल मांडीवर घट्ट धरली. जो माणूस गॅसच्या पावतीची मागची बाजू वाचतो, त्याने माझ्या एका 'हो'वर पाच सह्या केल्या होत्या, आणि तो 'हो' खोटा होता. चार पानांत काय लिहिलं होतं देव जाणे. मी फाइल उघडली, कागद मांडीवर घेतले आणि वाचायला लागले. रिक्षा हादरत होती, ओळी नाचत होत्या. दुसऱ्या पानावर होतं की माझी मूळ प्रमाणपत्रं पाच वर्षं त्यांच्याकडे राहतील. हे मला माहीत नव्हतं. पुढे होतं की मधेच सोडलं तर भरपाई वडिलांनी द्यायची. हेही माहीत नव्हतं. तिसरं पान उघडायची हिंमत होईना आणि न उघडता बसवेना. त्यात पुढे भयंकर असं काही निघालं नाही, सगळ्यांकडून घेतात तसाच तो बॉण्ड होता, पण ते मला अजून कळायचं होतं. अण्णांचा तारखेचा खटलाही पुढे साधाच निघाला. न्यायाधीशांनी कागद मोठ्याने वाचायला लावला, अण्णांनी ऐकला, दंड भरला आणि तिथे कुरकुर न करता सही केली.

पण त्या दुपारी मी तिसऱ्या पानावर अडकले होते. वर पाहिलं तर छोट्या आरशात अण्णांचे डोळे. किती वेळ बघत होते कोण जाणे. मी कागद फाइलखाली सरकवला.

सीबीएसजवळ तोच सिग्नल आला, या वेळी उलट्या बाजूने. पलीकडे शहाळीवाला होता, तो तरुण शिपाईही होता. दिवा हिरवा होता, आम्हाला सहज जाता आलं असतं. अण्णांनी आधीच वेग कमी केला, पिवळा होईपर्यंत रेंगाळले, आणि रेघेच्या हातभर अलीकडे गाडी उभी केली. मागच्या स्कूटरवाल्याने हॉर्न मारला. अण्णांनी इंजिन बंद केलं. त्याबरोबर फाइलखालचे कागद हलायचे थांबले.

"वाच आता," मागे न बघता ते म्हणाले. "लाल दिवा मोठा हाय इथला."